या चित्रात उत्तर कुठे आहे?



शाळेत भूगोल शिकवताना एक नियम मी कधी मोडला नाही. नकाशाला शीर्षक, दिशा, प्रमाण आणि सूची या चार गोष्टी हव्यातच. समुद्राला कितीही सुरेख निळा रंग दिलेला असो, उत्तरेचा बाण नसला की एक गुण कापायचा. मुलं कुरकुरायची, "बाई, एवढा छान काढलाय तरी?" मी म्हणायचे, "छान आहे रे, पण हा हातात घेऊन मला गावाला पोचता येईल का?"

निवृत्तीला बरीच वर्षं झाली. लाल पेन केव्हाच सुकलं. पण सध्या मनवेलपाड्यात घरोघरी जी चित्रं फिरताहेत ती पाहिली की हात शिवशिवतात!

चित्रं म्हणजे बिल्डरांची, संगणकावर काढलेली. आमचा हा विरार पूर्वेचा भाग. एका अंगाला रेल्वेलाईन, दुसऱ्या अंगाला जीवदानीचा डोंगर आणि मधे जुना पाडा, तलाव, बैठ्या चाळी आणि पंचवीस-तीस वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारती. त्या इमारती आता म्हाताऱ्या झाल्या (माझ्यासारख्याच!). जिन्यात सळ्या दिसू लागल्यात, गच्ची गळते, गुडघे धरलेल्यांना लिफ्ट नाही. त्यामुळे जो तो पुनर्विकासाच्या गोष्टी बोलतो आहे. आमची सोसायटीही त्यात आली.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. संगणकावर काढलेलं घराचं चित्र हा एक नकाशाच आहे, आणि नकाशाचे सगळे नियम त्याला लागले पाहिजेत. दिशा, प्रमाण आणि सूची दाखवल्याशिवाय कोणी त्यावर विश्वास ठेवू नये, सही तर मुळीच करू नये.

आता तुम्ही म्हणाल, या वयात बाईंना संगणकाचं वावडं असणार. तसं अजिबात नाही. वावडं असतं तर हा ब्लॉग कशाला लिहीत बसले असते? उलट घर बांधण्यापूर्वी ते संगणकात बांधून पाहावं यासारखी शहाणपणाची गोष्ट दुसरी नाही. दगड चढवल्यावर चूक कळली तर ती निस्तरणं फार महाग. म्हणून माणूस पूर्वीपासून आधी लहान प्रतिकृती करून पाहत आला आहे. स्पेनमधले वास्तुकार गौडी यांचं उदाहरण मला फार आवडतं. त्यांना एका चर्चच्या कमानींचा आकार ठरवायचा होता. त्यांनी छताला दोऱ्या टांगल्या आणि त्यांना छऱ्यांच्या छोट्या पिशव्या लटकवल्या. जितकं ओझं, तितका दोरीला बाक. मग त्याचा फोटो काढून तो उलटा धरला, की झाली कमान! लोंबती दोरी फक्त ताण सोसते, तर तोच आकार उलटा उभा केला की दगड फक्त दाब सोसतो, आणि दगडाला तेच जमतं. या प्रतिकृतीवर त्यांनी जवळजवळ दहा वर्षं घालवली. तिथे गणित गुरुत्वाकर्षणाने करून दिलं होतं. आज तेच काम संगणक काही मिनिटांत करतो.

संगणकाच्या पडद्यावर थेट पेनाने रेघ ओढायची सोय १९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड नावाच्या विद्यार्थ्याने केली. त्या आज्ञावलीचं नाव स्केचपॅड. १९८२ मध्ये ऑटोकॅड आलं आणि हळूहळू वास्तुविशारदांच्या कचेऱ्यांतून ते मोठाले तिरके फळे आणि टी-स्क्वेअर नाहीसे झाले. तरी ऑटोकॅडमधली भिंत बराच काळ दोन रेघांपलीकडे नव्हती. पुढची पायरी फार मोठी आहे. आता भिंतीला आपण भिंत आहोत हे 'माहीत' असतं. जाडी किती, वीट कुठली, खिडकी कुठे, खर्च किती हे सगळं तिच्याबरोबर साठवलेलं असतं. खिडकी फूटभर सरकवली की सगळ्या मजल्यांचे नकाशे, काचेचं माप आणि खर्चाचा तक्ता आपोआप बदलतात. सांडपाण्याचा पाइप तुळईत घुसत असेल तर संगणक आधीच ओरडतो. याला 'बिम' म्हणतात.

आपल्या महाराष्ट्रातच याचं मोठं उदाहरण आहे. महामेट्रोने नागपूर मेट्रोसाठी 'फाइव्ह-डी बिम' पद्धत वापरली. लांबी, रुंदी, उंची या तीन मिती, चौथी वेळ आणि पाचवी पैसा! कुठल्या तारखेला कुठला खांब उभा राहायचा आणि त्यावर किती खर्च व्हायचा, हे एकाच प्रतिकृतीत. मार्च २०१९ मध्ये त्या मेट्रोचं उद्घाटन झालं. नागपूरकर नातेवाईक हे वाचत असतील तर त्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

म्हणजे संगणक दोन कामं करतो. एक गणित करण्याचं आणि दुसरं रंग लावण्याचं. रंग लावणं हेही सोपं काम नव्हे हं. प्रकाशाचा किरण कुठून येतो, फरशीवर आपटून छताकडे कसा जातो, काचेत काय उमटतं, हे सगळं मोजूनच ते फोटोसारखं चित्र तयार होतं. माझी तक्रार एवढीच की गणित इंजिनिअरच्या कपाटात राहतं आणि आमच्या वाट्याला फक्त रंग येतो.

गेल्या महिन्यात एका बिल्डरची माणसं आमच्या सोसायटीत प्रोजेक्टर घेऊन आली. दिवे मालवले, बासरीचं संगीत सुरू झालं आणि आम्ही सगळे भिंतीवरच्या त्या इमारतीत फाटकातून आत शिरलो. कारंजं, हिरवळ, पांढऱ्याशुभ्र कपड्यातले लोक. लिफ्टने वर गेलो, दिवाणखान्यातून थेट गॅलरीत... आणि समोर जीवदानीचा डोंगर! सगळ्यांच्या तोंडून "वा!" निघालं. मला काहीतरी खटकलं. आमच्या बाजूच्या गॅलऱ्या तर पश्चिमेला, रेल्वेलाईनच्या अंगाला काढणार होते. डोंगर पाठीमागे राहतो. मी हात वर केला आणि विचारलं, "अहो, या चित्रात उत्तर कुठे आहे?"

तो मुलगा गोंधळला. म्हणाला, "कशाचं उत्तर, बाई?"

हॉलमध्ये हशा पिकला, मीही हसले. पण त्याला उत्तर दिशा खरंच सांगता आली नाही. चित्र काढणारे वेगळे, ते दुसऱ्या शहरात बसतात, असं कळलं. डोंगराचा फोटो त्यांना पाठवला होता, तो त्यांनी जिथे शोभला तिथे लावला.

दिशा म्हणजे काही वास्तुशास्त्राचं खूळ नव्हे. आपलं विरार साधारण साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य इथे दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. म्हणजे पंचेचाळीस मीटर उंचीची, पंधरा मजल्यांची इमारत उभी केली तर तिची सावली भर दुपारीसुद्धा उत्तरेकडे जवळजवळ बेचाळीस मीटर पडणार. सकाळी नऊला ती याहून बरीच लांब, वायव्येकडे. आमच्या उत्तरेला बैठी चाळ आहे. हिवाळ्यात तिथल्या बाया बाळांना तेल लावून कोवळ्या उन्हात घेऊन बसतात. बिल्डरच्या चित्रात चारही भिंतींवर एकाच वेळी सकाळचं सोनेरी ऊन होतं! असा सूर्य मी तरी कुठल्या पाठ्यपुस्तकात शिकवलेला नाही.

माझ्या बहिणीची नात आर्किटेक्चर शिकते. तिला मी हे सांगितलं, तर तिने लॅपटॉप उघडला. स्केचअप नावाच्या आज्ञावलीत तिने आमच्या प्लॉटवर एक साधा ठोकळा उभा केला, जागा म्हणून विरार टाकलं, तारीख आणि वेळ दिली. झाली सावली! मग ती घड्याळ पुढे सरकवत गेली आणि सावली चाळीवरून घड्याळाच्या काट्यासारखी फिरली. रंग नाही, कारंजं नाही, नुसता करडा ठोकळा. तरी बिल्डरच्या पूर्ण सिनेमापेक्षा त्या ठोकळ्याने मला जास्त सांगितलं. आणि लागला किती वेळ? माझा चहा निवला नव्हता.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. चित्रातली खोली एवढी ऐसपैस कशी दिसते? एक तर कॅमेरा भिंतीच्या पलीकडे नेऊन ठेवतात. खरा फोटोग्राफर भिंतीतून आरपार जाऊ शकत नाही, संगणकातला जातो. शिवाय भिंग असं निवडतात की जवळचं ताणलं जातं आणि पलीकडची भिंत लांब सरकते. आणि सामान लहान करतात. म्हणून मी जुनी युक्ती केली. आलेख कागदावर दहा फूट बाय नऊ फुटांची खोली काढली आणि आमच्या घरचं सामान मोजून त्याच प्रमाणात पुठ्ठ्याचे तुकडे कापले. पलंग सव्वासहा फूट लांब. नऊ फुटांतून तो वजा केला की पायथ्याशी उरले पावणेतीन फूट. तिथे दोन फूट खोलीचं कपाट ठेवलं, की चालायला उरतात नऊ इंच! चित्रात मात्र त्याच जागेत एक बाई योगासनं करत होती.

इथे चटई क्षेत्र हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. २०१६ च्या रेरा कायद्यात त्याची व्याख्या आहे. आतल्या विभाजक भिंती त्यात धरतात, बाहेरच्या भिंती, गॅलरी आणि मोकळी गच्ची धरत नाहीत. याच कायद्याचं बारावं कलम सांगतं की जाहिरातीतल्या किंवा नमुना सदनिकेतल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर भरपाई द्यावी लागते, आणि ग्राहकाला बाहेर पडायचं असेल तर रक्कम व्याजासह परत. मग बिल्डर काय करतात? चित्राखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहितात, 'हे केवळ कल्पनाचित्र आहे.' आम्हा जुन्या रहिवाशांना तर आणखी जपायला हवं. आम्ही नवी सदनिका विकत घेणारे ग्राहक नव्हे, आमचा मुख्य आधार म्हणजे सोसायटीने केलेला करारनामा. त्यात जे मापासकट जोडलं असेल तेच आपलं. कारंजं कुठल्याही परिशिष्टात नसतं.

तिसरी सूची. नकाशात निळ्याचा अर्थ पाणी की आणखी काही, हे सूची सांगते. शहराच्या विकास आराखड्यातही असेच रंग असतात. बाग, शाळा, रस्ता, सांडपाणी प्रकल्प, प्रत्येकाला आपली खूण. बिल्डरच्या चित्रात मात्र प्लॉटच्या बाहेर सगळं एकच, मऊ हिरवं धुकं! त्या धुक्याची किंमत आपल्या वसई-विरारने मोजली आहे. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीजवळ सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या पाडल्या, ते काम २०२५ च्या सुरुवातीला पूर्ण झालं. लोकांनी घर विकत घेताना भिंतींचा रंग बघितला होता, आराखड्यातला रंग त्यांना कोणी दाखवला नव्हता.

आणि आपल्याच विरार पूर्वेला, विजयनगरमध्ये, २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री रमाबाई अपार्टमेंटचा एक भाग कोसळला. दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे होते. १७ माणसं गेली. इमारत अनधिकृत होती, आणि माझ्यापेक्षा किती लहान! जेमतेम बारा-तेरा वर्षांची. पुण्याच्या सॉफ्टटेक कंपनीची ऑटोडीसीआर नावाची आज्ञावली आहे. आर्किटेक्टने दिलेला नकाशा नियमात बसतो का, मोकळी जागा पुरेशी सोडली का, हे ती संगणकावर तपासते. पण जो नकाशा परवानगीला जातच नाही, त्याला कुठली आज्ञावली तपासणार? सळई किती जाडीची, खांब किती ओझं पेलणार, जमिनीत खडक किती खोलीवर लागला, हे गणित चित्रात कधीच दिसत नाही. म्हणून ते वेगळं मागावं लागतं.

राहिली उंची. पहाडी मुलखाच्या नकाशावर आपण समोच्च रेषा काढतो, कारण पाणी कुठे जाणार हे त्या रेषा सांगतात. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारचं काय झालं ते आठवा. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली, लोकल बंद, वीज बंद. त्यानंतर नीरी आणि आयआयटी मुंबई यांच्याकडे पुराच्या कारणांचा अभ्यास सोपवला गेला, आणि पाणी साठवून धरण्यासाठी धारण तलाव करण्याची शिफारस झाली. डोंगरावरचं पाणी आमच्याच भागातून पश्चिमेकडे उतरतं. रस्ता दरवेळी नव्याने करताना थोडा उंच होतो आणि जुन्या इमारतींचा तळमजला खड्ड्यात जातो. नवी इमारत साहजिकच जोतं उंच बांधणार. उत्तम. पण मग आमच्या फाटकातून आत येणारं पाणी जाणार कुठे? शेजारच्या चाळीत! संगणकात प्लॉटची आणि शेजारची उंची भरली तर हे बांधण्यापूर्वी कळतं. पण त्यासाठी प्रतिकृती कंपाउंडच्या भिंतीपाशी थांबता कामा नये.

सोसायटीत सगळ्यांना माझं म्हणणं पटलेलं नाही, हे सांगायला हवं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्यांना दवाखान्यात खुर्चीत बसवून खाली उतरवावं लागतं, मला म्हणाल्या, "बाई, स्लॅब डोक्यावर यायची वेळ आली आणि तुम्ही सावल्या काय मोजता? आधी लिफ्टचं बघा." त्यांचं चुकत नाही. माझ्या स्वयंपाकघरातही गेल्या पावसात पोपडे पडले. धोकादायक इमारतीत रोज रात्री झोपणाऱ्या माणसाला 'थांबा' म्हणणं सोपं नाही. मी थांबा म्हणतही नाही.

मी एवढंच म्हणते की विशेष सर्वसाधारण सभेपूर्वी पाच कागद मागा. उत्तर दिशा दाखवणारा मापासकट मजल्याचा नकाशा, आपापल्या सदनिकेचा. २२ डिसेंबरच्या सकाळ, दुपार, संध्याकाळच्या सावल्या. रस्ता, जोतं आणि शेजार यांच्या उंचीचा छेद. विकास आराखड्याचा उतारा, सूचीसकट. आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचा अहवाल, जमिनीच्या तपासणीसह. शेवटचा कागद आणि सरकारी उतारा यांना वेळ लागेल, मान्य. पण पहिले तीन संगणकात खरी प्रतिकृती असेल तर अर्ध्या दिवसात छापून मिळतात. बिल्डरला ते अर्ध्या दिवसात देता आले, तर काकूंची लिफ्ट एक दिवसही लांबत नाही. महिनाभरात देता आले नाहीत, तर समजावं की त्याच्या संगणकात घर नाहीच, नुसतं चित्र आहे. आणि चित्राच्या भरवशावर पंचवीस कुटुंबांनी घर रिकामं करून भाड्याच्या खोल्यांत जावं, यापेक्षा मोठा धोका मला गळक्या गच्चीत दिसत नाही.

मागणी मी लेखी दिली आहे, पोचपावती घेतली आहे. सेक्रेटरी माझे विद्यार्थी नाहीत, नाहीतर एव्हाना आणून दिले असते! असो.

तुमच्याकडे पुनर्विकास झाला असेल, पुण्यात, डोंबिवलीत, कुठेही, तर चित्रातलं आणि प्रत्यक्षातलं घर ताडून जरूर लिहा. विशेषतः खोलीच्या मापाबद्दल आणि हिवाळ्यातल्या उन्हाबद्दल. आमच्या सभेला अजून तीन आठवडे आहेत. मी तुमच्या प्रतिक्रिया छापून नोटीस बोर्डावर लावणार आहे.